मूठ सोडली, तरी रेस कमी होत नाही?

दुचाकीचे तेल वेळेवर बदलणारे, चेनला वंगण घालणारे आणि टायरमधली हवा नेमाने तपासणारे लोकही एका भागाकडे सहसा पाहत नाहीत. उजव्या मुठीपासून टाकीखालून इंजिनापर्यंत गेलेली ॲक्सिलरेटरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रेसची, केबल हा तो भाग. काळ्या प्लास्टिकच्या नळीत दडलेली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची ही पोलादी तार दिवसातून शेकडो वेळा ओढली जाते. ती तुटली तर गाडी रस्त्यात बंद पडते आणि ढकलत न्यावी लागते. पण ती अडकली, तर मूठ सोडल्यावरही इंजिन जोरात फिरत राहते. घाटाच्या उतारावर किंवा शाळेसमोरच्या चौकात असे झाले तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. केबलची किंमत मात्र साध्या दुचाकीसाठी हेल्मेटच्या तुलनेत फारच कमी असते आणि थोडा हात चालणाऱ्या माणसाला ती घरच्या अंगणात बदलता येते. त्यासाठी ती कशी काम करते आणि का बिघडते, हे आधी समजून घेऊ.

नळीतल्या तारेची युक्ती

बाहेर न दबणारी नळी आणि आत सरकणारी तार, या रचनेला ‘बाउडेन केबल’ म्हणतात. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. सायकलचा ब्रेक, दुचाकीचा क्लच आणि रेसची मूठ, या सर्वांत हीच युक्ती वापरलेली दिसते.

या नळीत एकावर एक घट्ट गुंडाळलेली पोलादी तार असते, त्यामुळे नळी वाकते पण दबून आखूड होत नाही. आत अनेक बारीक तारा पिळून केलेली मुख्य तार असते. नव्या केबलमध्ये या दोहोंच्या मध्ये नायलॉन किंवा टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत प्लास्टिकचे अस्तर असते. नळीची लांबी कायम राहत असल्याने हँडल डावीकडे वळवा की उजवीकडे, आतल्या तारेवर ताण पडत नाही. ताण फक्त मूठ पिळल्यावर पडतो. हँडल वळवताच रेस आपोआप वाढत असेल, तर नळी कुठे तरी चिमटली गेली आहे, चुकीच्या वाटेने गेली आहे किंवा गाडीला आखूड पडते आहे, असे समजावे.

मूठ पिळली की तार ओढली जाते आणि कार्ब्युरेटरमधला दट्ट्या, म्हणजे स्लाइड, वर उचलला जातो. हवा व पेट्रोल जास्त जाते, वेग वाढतो. मूठ सोडल्यावर दट्ट्या खाली आणण्याचे काम मात्र केबल करत नाही, कारण दोरीने ओढता येते, ढकलता येत नाही. ते काम कार्ब्युरेटरमधल्या स्प्रिंगचे आहे. काही गाड्यांना, विशेषतः मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना, उघडण्यासाठी एक आणि बंद करण्यासाठी दुसरी अशा दोन केबल असतात. साध्या गाड्यांत बहुधा एकच केबल असते आणि सारी भिस्त त्या स्प्रिंगवर असते.

वळण वाढले की घर्षण गुणाकाराने वाढते

बंदरावर बोट बांधताना दोर खुंटाला दोन-तीन वेढे दिले की एकटा माणूसही ती धरून ठेवतो. अठराव्या शतकातले गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी यामागचे गणित मांडले. दोर जितक्या कोनातून वळतो, तितके घर्षण बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढत जाते. बंदरावर उपयोगी पडणारा हाच नियम केबलमध्ये आपल्या विरोधात जातो.

एक हिशेब करून पाहू. समजा, स्प्रिंगची ओढ एक किलो वजनाइतकी आहे आणि मुठीपासून इंजिनापर्यंत केबलची सगळी वळणे मिळून अर्धे वर्तुळ, म्हणजे १८० अंश, होतात. वंगण असलेल्या चांगल्या केबलचा घर्षणांक ०.१ धरला, तर मुठीकडून सुमारे १.४ किलोची ओढ लागेल. केबल कोरडी पडून गंजली आणि घर्षणांक ०.४ झाला, तर तेवढ्याच कामाला साडेतीन किलो लागतील. त्यात कोणी केबल वेडीवाकडी बांधून आणखी एक काटकोनी वळण घातले, तर हा आकडा साडेसहा किलोच्या पुढे जातो.

खरा धोका परतीच्या प्रवासात आहे. चांगल्या केबलमधून स्प्रिंगच्या एक किलो ओढीपैकी सुमारे ७३० ग्रॅम मुठीपर्यंत पोहोचते. गंजलेल्या केबलमधून जेमतेम २८० ग्रॅम पोहोचते. मुठीचे स्वतःचे घर्षणही असते. उरलेली ओढ त्याला पुरली नाही, की मूठ जिथे सोडली तिथेच राहते. ‘मूठ हाताने मागे फिरवली की ठीक होते’ असे म्हणत गाडी चालवत राहणे किती धोक्याचे आहे, ते या हिशेबावरून कळेल.

तार का तुटते?

कागद लावायची पिन पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली की ती तुटते. धातूच्या या थकव्याचाच परिणाम केबलवर होतो. तारेच्या टोकाला शिशासारखी गोळी किंवा नळकांडी बसवलेली असते. मुठीजवळ तार या गोळीला लागून वळते, म्हणून तिथलीच बारीक तार पहिली तुटते. एक तुटली की तिचा भार बाकीच्यांवर येतो आणि पुढच्या तारा अधिक लवकर तुटतात. तुटलेली टोके नळीत रुतली, तर केबल तुटण्याआधीच अडकते.

पावसाळ्यात पाणी वरच्या टोकाने नळीत शिरते आणि खाली साचते. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. धूळ मिसळलेले जुने ग्रीस अस्तर घासून काढते. म्हणून मूठ जड होणे, मध्येच अडखळणे, सोडल्यावर सावकाश परतणे, टोकाशी तारेचे केस सुटलेले दिसणे किंवा बाहेरची नळी चिरणे, यांतले एकही लक्षण दिसले तरी तेलाचे थेंब सोडून वेळ मारून नेऊ नये. केबल बदलावी.

हाताचेही नुकसान

जड मुठीचा त्रास शरीरालाही होतो. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून हाताची एक महत्त्वाची नस आणि बोटांचे स्नायुबंध जातात. मनगट वाकवून, मूठ आवळून, रोज तासभर जोर लावला की तिथला दाब वाढतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण. घरपोच सामान देणाऱ्यांना किंवा लांबून कामावर येणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवू शकतो. केबल बदलून मूठ हलकी झाली, तर हातावरचा हा एक भार कमी होतो. तरीही रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा वस्तू हातातून निसटत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे.

घरी बदलताना

केबल त्याच मॉडेलची घ्यावी. दुकानातून आणल्यावर जुनी आणि नवी शेजारी ठेवून नळीची लांबी, बाहेर आलेल्या तारेची लांबी आणि टोकाच्या गोळ्यांचा आकार तपासावा. ‘थोडी लांब आहे, चालेल’ हे इथे चालत नाही. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, योग्य मापाचे पाने, हातमोजे, स्वच्छ फडके आणि दोन मीटर सुतळी एवढे साहित्य पुरते.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी उघड्या जागी मेन स्टँडवर लावावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा. जवळ विडी-सिगारेट, देवाचा दिवा किंवा शेगडी नसावी. केबल कुठून कशी गेली आहे, याचे मोबाइलवर फोटो काढावेत. गरज असेल तर टाकी काढावी.

२. ॲडजस्टरचे लॉक नट सैल करून केबलला ढील द्यावी. मुठीजवळच्या डबीचे स्क्रू काढून ती उघडावी आणि तारेची गोळी खाचेतून सोडवावी.

३. कार्ब्युरेटरचे वरचे झाकण फिरवून काढले की दट्ट्या, स्प्रिंग आणि सुई एकत्र वर येतात. स्प्रिंग बोटांनी दाबून धरावी आणि तार दट्ट्यातून सोडवावी. सुई वाकता कामा नये. काही गाड्यांत तार दट्ट्याऐवजी बाहेरच्या छोट्या चाकाला अडकवलेली असते, तिथे झाकण उघडावे लागत नाही.

४. जुन्या केबलच्या एका टोकाला सुतळी बांधून दुसऱ्या टोकाने केबल ओढून काढावी. सुतळी तिच्या वाटेवर राहते. तिलाच नवी केबल बांधून परत ओढली, की वाट चुकत नाही.

५. नवी केबल अस्तराची असेल तर तिला घट्ट ग्रीस भरू नये. त्यात धूळ धरते. उत्पादकाने तेल द्यायला सांगितले असेल तरच हलक्या तेलाचे काही थेंब सोडावेत. मुठीच्या खाचेत मात्र ग्रीसचा पातळ हात द्यावा.

६. दट्ट्या परत बसवताना त्याची उभी खाच आतल्या पिनेवर यायला हवी आणि तळाची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. तो आपल्या वजनाने अलगद खाली गेला पाहिजे. जोर लावावा लागला, तर तो चुकीचा बसला आहे. तसाच दाबून झाकण लावले तर दट्ट्या वरच अडकू शकतो आणि इंजिन सुरू होताच पूर्ण वेगाने फिरेल.

७. शेवटी मोकळीक ठेवावी. मूठ फिरवल्यावर तार ताणली जाण्याआधी मुठीच्या कडेवर थोडी रिकामी हालचाल असते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती २ ते ६ मिलिमीटर सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पाहून ॲडजस्टर फिरवावा आणि लॉक नट घट्ट करावा.

चाचणी टाळू नका

इंजिन बंद असतानाच हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे ठेवून तिन्ही स्थितींत मूठ पूर्ण पिळून सोडावी. प्रत्येक वेळी ती ‘टक्’ आवाज करत आपोआप परत आली पाहिजे. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. इंजिनाचा आवाज जराही वाढला, तर केबलची वाट पुन्हा तपासावी. दोन्ही चाचण्या पार पडल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश एक फेरी मारावी आणि मगच रहदारीत जावे.

ही चाचणी बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे किंवा मळमळणे सुरू झाल्यावर बाहेर पडण्याचे त्राणही उरत नाही. हात पेट्रोलने धुण्याची सवयही सोडावी. पेट्रोलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारे बेंझिन असते. साबणाने काम भागते. तारेचे टोक बोटात घुसले तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर डॉक्टरांना विचारावे.

हे काम कोणी करू नये? एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथेही अनेकदा केबल असते, पण शेजारी सेन्सर आणि कारखान्यात बसवलेले स्क्रू असतात. ते हलवले तर गाडीचे गणित बिघडते. अशी गाडी किंवा वॉरंटीतली गाडी मेकॅनिककडेच द्यावी. तुटलेल्या तारेला स्क्रूची गोळी लावून केलेली जोड घरी पोहोचण्यापुरतीच मानावी.

आणि चालत्या गाडीत मूठ अडकलीच तर? आधी क्लच दाबा. चाकाला मिळणारी ताकद तत्काळ थांबते. इंजिन किंचाळेल, त्याकडे लक्ष देऊ नका. किल स्विच असेल तर दाबा, नसेल तर चावी फक्त ‘ऑफ’पर्यंत फिरवा. दोन्ही ब्रेक सारख्या जोराने लावून रस्त्याच्या कडेला या. गिअर नसलेल्या स्कूटरला क्लचचा लिव्हर नसतो, म्हणून तिथे चावी आणि ब्रेक एकाच वेळी. हा क्रम घरातल्या दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः नुकताच परवाना मिळालेल्या मुलामुलींना, गाडी उभी असताना दोन-चार वेळा करून दाखवा. आणि उद्या सकाळी किक मारण्याआधी मूठ एकदा पूर्ण पिळून सोडून पाहा.