डॉपलर : रक्ताच्या वेगाचे गणित

दसरा चौकातून सीपीआर रुग्णालयाकडे रुग्णवाहिका येते, तेव्हा जवळ येताना तिच्या भोंग्याचा सूर चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या याच तत्त्वावर सोनोग्राफी यंत्र रक्ताचा वेग मोजते. पोटातील बाळाची वाढ कमी वाटली, की डॉक्टर ‘डॉपलर’ करायला सांगतात, ते नाळेतील रक्तप्रवाह पाहण्यासाठी.

यंत्रातून गेलेल्या ध्वनिलहरी तांबड्या पेशींवर आदळून परततात. परतलेल्या लहरींच्या कंप्रतेतील फरकावरून वेग काढला जातो. हे गणित करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली वर्णपटाची, म्हणजे ‘एफएफटी’. एका ठिकाणच्या प्रवाहातील कमी-जास्त सर्व वेग ती वेगळे करून आलेखात दाखवते. दुसरी ‘ऑटोकोरिलेशन’. लागोपाठच्या प्रतिध्वनींची तुलना करून ती फक्त सरासरी वेग काढते, पण झटपट. त्यामुळे मोठ्या भागाचे रंगीत चित्र पडद्यावर दिसते. म्हणून आधी रंगातून रक्तवाहिनी शोधायची आणि मग आलेखावर मोजमाप घ्यायचे, अशी रीत आहे.

मात्र, दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. सिनेमात टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते. तसेच वेग यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेला, की प्रवाह उलट्या दिशेने दिसू लागतो. कोनही महत्त्वाचा. लहर आणि रक्तप्रवाह यांच्यातील कोन ६० अंशांचा असताना तो ठरवण्यात पाच अंशांची चूक झाली, तर वेगात सुमारे १५ टक्के फरक पडतो.

सर्वांत नाजूक बाब गाळणीची. रक्तवाहिनीच्या भिंतीच्या हालचालीचा आवाज काढून टाकण्यासाठी यंत्रात ‘फिल्टर’ असतो. तो गरजेपेक्षा जास्त ठेवला, तर मंद प्रवाहही पुसला जातो. मग दोन ठोक्यांच्या मध्ये नाळेतील प्रवाह थांबतो, असा चुकीचा समज होऊ शकतो. प्रवाह खरोखरच थांबत असेल, तर ती धोक्याची खूण असते आणि प्रसूती कधी करायची, हा निर्णय त्यावरही अवलंबून असतो. त्यामुळे शंका आल्यास फिल्टर कमी करून तपासणी पुन्हा केली जाते.

पडद्यावरील लाल-निळ्या रंगांनी घाबरू नये. ते शुद्ध-अशुद्ध रक्त दाखवत नाहीत, तर फक्त प्रवाहाची दिशा सांगतात.