आजी-माजी

रात्रीचे नऊ वाजून गेलेत. प्रदक्षिणा मार्गाला लागून असलेल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण काढून ठेवलंय आणि समोरच्या चहाच्या टपरीत टीव्ही मोठ्यानं लावलाय. झाकणाभोवती पाच माणसं, टीव्हीभोवती पंधरा. जेटिंगची गाडी घरघरायला लागली की टीव्हीतलं काही ऐकू येत नाही. मग पंधराही जण ओरडतात, "जरा बंद करा की राव ते!" मुकादम मान वर न करता म्हणतो, "तुमचं ते आठ दिस चाललंय. आमचं आज उरकायचंय."

आज २९ जून २०२२, ज्येष्ठ अमावास्या. उद्या आषाढ लागेल. १० जुलैला एकादशी. म्हणजे पंढरपूरच्या हातात दहा दिवस आहेत. २०११च्या जनगणनेत लाखाच्या आत भरलेलं हे गाव त्या दिवशी दहा-बारा लाखांचं होईल.

मी वाड्याच्या पायरीवर बसलोय. दुपारी लोणंदच्या मुक्कामावरून दिंडीप्रमुखांचा फोन आला होता. परभणीकडची ही दिंडी दरसाल आमच्याकडे उतरते. गेली दोन वर्षं उतरली नाही. २०२० आणि २०२१ला पालख्या चालत आल्याच नाहीत, पादुका एसटीत बसून आल्या. यंदा वाट मोकळी झालीय. "सर, औंदा माणूस लई हाय. पाण्याचं, संडासाचं बरं हाय ना?" मी म्हणालो, "आहे, या माउली." फोन ठेवल्यावर वाटलं, हे मी कुणाच्या जोरावर बोललो? गावात नगराध्यक्ष नाही, नगरसेवक नाहीत. मुदत संपून सहा महिने होत आले, कारभार प्रशासकांकडे आहे. जिल्हा परिषदेची मुदत मार्चमध्ये संपली. आणि आमदारांच्या बंडानंतर मुंबईत काय चाललंय, ते समोरच्या टीव्हीवर दिसतंय.

"आली, आली," टपरीवाला ओरडतो. पडद्यावर लाल पट्टी. उद्याच्या बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिलाय. थोड्याच वेळात मुख्यमंत्री ठाकरे फेसबुकवरून बोलायला लागतात. या वेळी कुणी ओरडत नाही, तरी मुकादमच हात वर करतो. गाडी बंद होते. पाचही जण पाइप तसाच धरून उभे राहतात, पडद्याकडे बघत. राजीनाम्याचा शब्द येतो. टपरीत कुणी टाळी वाजवत नाही, कुणी शिवी देत नाही. बाकावरचा एकजण नुसतं म्हणतो, "गेलं."

मग टपरीवाला खास पंढरपुरी प्रश्न विचारतो, "आता पूजेला कोण?"

मुंबईत आमदार मोजतात, आमच्याकडे सरकार पूजेवर मोजलं जातं. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांची, कार्तिकीची उपमुख्यमंत्र्यांची, आणि दोन्ही वेळा बरोबर दर्शनरांगेतलं एक मानाचं वारकरी जोडपं. मागच्या दोन आषाढींना ठाकरे स्वतः गाडी चालवत आले होते, तेव्हा रस्ते रिकामे होते. यंदा रस्ते भरणार आणि खुर्ची रिकामी झाली. लगेच आठवणी निघतात. २०१८ला मराठा आंदोलन पेटलं होतं, मुख्यमंत्री आलेच नाहीत. २०१९च्या कार्तिकीला निकाल लागून पंधरा दिवस झाले तरी सरकार बसलं नव्हतं. पूजा महसूलमंत्र्यांनी केली आणि त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

"पूजा काय कधी चुकली का?" बाकावरचा म्हणतो.

"पूजा नाही चुकत, आणि गटार तुंबायचंही चुकत नाही," मुकादम म्हणतो आणि गाडीवाल्याला खूण करतो. "कोण का येईना. येणारा गाडीतनं येतोय, वारकरी अनवाणी येतोय. धर पाइप."

पाण्याचा जोर आत घुसतो आणि थोड्या वेळानं वर येऊ लागतं ते दोन वर्षांचं साचलेलं. वाळू, चिंध्या, प्लॅस्टिकचे पेले, कुणाचीतरी तुटकी चप्पल. यंत्र येण्याआधी हे काम हातांनी व्हायचं. या पाच जणांतले थोरले यंदा निवृत्तीला आलेत. वारी सरली की त्यांच्या आईनं चंद्रभागेच्या वाळवंटातून डोक्यावर काय वाहून नेलं, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते स्वतः त्यावर बोलत नाहीत. त्याविरुद्ध कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले, २०१४-१५च्या सुमारास न्यायालयानं सरकारपासून नगरपरिषदेपर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं. मग शौचालयं वाढली, नदीपात्रातल्या तंबूंवर निर्बंध आले, दिंड्यांसाठी पैलतीरावर पासष्ट एकरांचा तळ उभा राहिला. गावात बदल मतपेटीतून येतो तसा कधी कोर्टातूनही येतो. आला की मात्र तो झाडूवाल्याच्या हातातूनच रस्त्यावर उतरतो.

"सर," थोरले माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, "पगाराचं अनुदान यील ना वेळेवर?"

हा प्रश्न त्या टीव्हीवर कुणी विचारत नाही. कर्मचाऱ्यांच्या पगाराला नगरपरिषदांना राज्याचं सहायक अनुदान लागतं. ते येतं नगरविकास खात्याकडून. आणि हे खातं ज्यांच्याकडे होतं, ते मंत्रीच आठवडाभर गुवाहाटीच्या हॉटेलात होते. परवा, २७ तारखेला, खातं दुसऱ्या मंत्र्यांकडे दिलं. आज ते सरकारच उरलं नाही. राज्यातल्या तमाम नगरपरिषदांचे मंत्री बंड करून आता गोव्याला पोचलेत आणि त्यांच्या खात्यातला शेवटचा माणूस आमच्या गल्लीत चिखलात गुडघ्यापर्यंत उभा आहे. मी थोरल्यांना म्हणतो, "येईल. मंत्री बदलले तरी बाबू बदलत नाहीत." ते मान हलवतात. पटलंय म्हणून नाही, मी सर आहे म्हणून.

साडेदहाला झाकण बसतं. गाडी पुढच्या गल्लीत जाते आणि तिच्या मागोमाग आमचे माजी येतात. माजी नगरसेवक, पण एवढं लांब नाव आता कुणी घेत नाही. सहा महिन्यांत नुसतं 'माजी' पडलंय. एका हातात फोन, दुसऱ्या हातातही फोन.

"बघा," पडदा दाखवून ते हसतात, "आमच्यात आणखी एकाची भर."

मी त्यांना चहा देतो आणि विचारतो, नगरसेवक नसताना कामं होतात कशी? ते कप खाली ठेवतात. "खरं सांगू का सर? लवकर होतात. मागं मुरमाचा विषय सभेत आला की दोन तास भांडण. तुझ्या प्रभागात दोन ट्रॉल्या, मग माझ्यात एक का? आता प्रशासकाची एक सही. काही गावांत तर मुख्याधिकारीच प्रशासक. प्रस्ताव ठेवायचा त्यांनीच आणि मंजूर करायचा त्यांनीच. यंदा मुरूम आठ दिवस आधी पडलाय."

"मग तुमची गरजच काय?"

"तेच माझी बायको विचारते." मग जरा थांबून म्हणतात, "मुरूम पडला. पण बोळाच्या आतल्या अंगाला, जिथं पाणी साठतं तिथं नाही पडला. ट्रॉली आत वळत नाही. आधी मला चार शिव्या बसायच्या, मी घमेल्यानं टाकून घ्यायचो. साहेबांना कोण शिव्या देणार? आणि साहेबांना बोळ कसा ठाऊक असणार? ते बदलीवर आलेत, बदलीवर जातील."

फोन वाजतो. पलीकडून कुणी नळाबद्दल बोलतंय. "होय होय, बघतो," माजी म्हणतात. मला सांगतात, "मतदार यादीतनं माझं नाव कुणी काढलं नाही ना, तसा लोकांच्या फोनमधनंही नंबर काढला नाही."

निवडणूक कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. गुंता वरचा आहे. ओबीसींच्या राजकीय आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयानं तीन अटी घातल्या. आयोग नेमा, गावागावाची आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाऊ देऊ नका. आकडेवारी वेळेत झाली नाही. सरकारनं प्रभागरचनेचा अधिकार कायदा करून स्वतःकडे घेतला. ४ मे रोजी न्यायालयानं बजावलं, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. राज्यघटना म्हणते, नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. नगरसेवकांना एक दिवस वाढवून मिळाला नाही, प्रशासकाच्या दिवसांना मात्र कुणी गाठ मारलेली नाही. मुंबईत ८ मार्चपासून प्रशासक आहेत, पुण्यात त्यानंतर आठवड्यानं आले. पंढरपूरची काय कथा!

बाराच्या सुमारास टपरीवाला टीव्ही बंद करतो. मुख्यमंत्री राजभवनावर जाऊन राजीनामा देऊन आलेत.

पहाटे साडेपाच. ३० जून. कोपऱ्यावर हजेरी चालू आहे. मुकादम एकेक नाव घेतो, उत्तरं येतात, "हाय", "हाय", "हाय". एका नावाला उत्तर येत नाही. "पोरगी बाळंत झालीय, दुपारी यील," कुणीतरी सांगतं. मुकादम पेन जरासं अडवून धरतो, मग खूण करतो. कुठली, ते मला दिसत नाही. ब्लिचिंगची पोती, लांब दांड्याचे झाडू, ढकलगाडी. थोरले रात्री बाराला घरी गेले होते, साडेपाचला पुन्हा उभे आहेत. पेपरवाला सायकलवरून गठ्ठा टाकून जातो. नवा मुख्यमंत्री कोण, याबद्दल सगळ्यांनी एकच नाव धरलंय. मुकादम मथळा बघतो आणि गठ्ठा भिजू नये म्हणून पायरीवर उचलून ठेवतो.

तेवढ्यात आरडाओरडा होतो. मांडवाचे बांबू घेऊन आलेला ट्रक मागे घेताना चाक कडेला गेलंय आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजींच्या नळाचा पाइप दबून फुटलाय. पाणी नुकतंच सुटलेलं. कारंजं कमरेएवढं उडतंय. ट्रकवाला हात जोडून उभा. आजी काठी टेकत ओट्यावर आल्यात. त्यांच्याकडेही वीस वारकरी उतरायचे आहेत.

"कुणाला सांगू आता? हाय का कोणी?"

एक पोरगा सायकल वळवून पळतो आणि गल्लीभर ओरडत जातो, "आजीनं माजीला बोलावलंय! आजीनं माजीला बोलावलंय!" सकाळी सकाळी हसू फुटतं. पाच मिनिटांत माजी येतात. बनियन, लुंगी, दात घासायचे राहिलेले. पाठोपाठ चावीवाला, खांद्यावर लोखंडी चावी.

"बंद कर वीस मिनिटं," माजी म्हणतात.

"सगळी गल्ली बोंबलंल. पाण्याची वेळ आहे ही," चावीवाला म्हणतो. "आणि जोडणी घरची आहे. अर्ज द्यायला पायजे हापिसात. तुमचं ऐकायची सोय नाही आता कागदावर."

"मग कागदावर नको ऐकूस."

चावीवाला माझ्याकडे बघतो, आजींकडे बघतो. आजी काही बोलत नाहीत, काठी तेवढी घट्ट धरतात. तो रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी आत घालतो आणि फिरवतो. कारंजं बसत जातं. मुकादमाचा एक माणूस सायकलच्या ट्यूबची पट्टी आणतो, ट्रकवाला प्लंबरचे पैसे द्यायचं कबूल करतो. माजी चिखलात बसून पट्टी आवळतात. गल्लीतनं दोन-तीन घरांतून हाका येतात, "पाणी गेलं का हो?" आणि माजी खालूनच ओरडतात, "येतंय, येतंय!" हे उत्तर द्यायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. पण हाका थांबतात.

आजी त्यांच्यासाठी चहा घेऊन येतात. "परत कधी उभा राहणार रं?"

"निवडणूक लागली की."

"कधी लागणार?"

माजी चावीवाल्याकडे बघतात. चावीवाला काही न बोलता चावी उलटी फिरवतो. पाइपात आधी हवा खोकते, मग गढूळ धार, मग स्वच्छ. पट्टीतून थेंब गळतोय, पण दुपारपर्यंत धरेल.

माझा फोन वाजतो. लोणंदहून. मागे टाळ ऐकू येतायत, पालखी हलायची तयारी असणार. "सर, सरकार गेलं म्हणं?"

"गेलं."

"आन् पाणी?"

मी लगेच उत्तर देत नाही. आत जातो, मोरीतला नळ सोडतो, बादलीत आवाज होईपर्यंत थांबतो.

"आहे," मी म्हणतो. "या."