उसाच्या तहानेच्या दिवसांत विसावा घेणारा पेरू



उसाच्या पत्रिकेत पेरूचे काय काम, असे काही जण विचारतील. विचारणे रास्तच आहे. ऊस मोडून पेरू लावा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते, कालव्याचे आवर्तन लांबते, आणि सुरू व खोडवा दोन्ही पाण्याची वाट पाहत असतात. अशा वेळी ज्याला पाणी द्यायचेच नसते, असे एखादे फळझाड मळ्यात असलेले बरे. मृग बहाराचा पेरू हे असे झाड आहे.

पेरू मूळचा उष्ण कटिबंधातील अमेरिकेचा. पोर्तुगिजांनी तो आपल्याकडे आणला, असे मानतात. जांभूळ, लवंग, निलगिरी ही त्याची भाऊबंद. बारमाही हिरवे, झुडूपवजा झाड. आपल्याकडचा ‘सरदार’ वाण मात्र इथल्याच मातीत निपजला. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रावर डॉ. चीमा यांनी १९२७ साली अलाहाबाद सफेदा जातीच्या रोपांतून तो निवडला. ‘लखनौ-४९’ किंवा ‘एल-४९’ म्हणतात तो हाच. गर पांढरा, गोड, आणि बिया मऊ. शंभर ग्रॅम पेरूत ‘क’ जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे संत्र्याच्या सुमारे चौपट.

आता पाण्याचा हिशेब पाहू. पेरूला फूल येते ते नव्या फुटीवर. झाडाला पाणी मिळत राहिले, की थोडी थोडी फूट वर्षभर चालते आणि कुठलाच बहार धड येत नाही. म्हणून झाडाला ताण द्यायचा. आंबे बहार धरला तर फळ भर पावसात येते. ते पाणचट लागते आणि फळमाशीही जास्त. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडावे लागते. पाने पिवळी पडतील, काही गळतील. भिऊन पाणी सोडू नका. मेच्या मध्याला आळी हलकी खणून शेणखत घाला, मग पाणी द्या. जून-जुलैत फुले येतात आणि नोव्हेंबर ते जानेवारी फळ उतरते. म्हणजे उसाच्या तहानेचे दिवस तेच पेरूच्या विश्रांतीचे!

पण इथेच एक मेख आहे. उसाला दिलेले पाणी पाझरून पेरूच्या मुळाशी गेले तर ताण बसतच नाही. तेव्हा उसाच्या सरीला लागून, खालच्या अंगाला पेरू लावू नका. जागा वरच्या अंगाची, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी घ्या. नाही तरी अशा तुकड्यात ऊस कुठे भरतो? मध्ये एक खोल चर काढला तर आणखी चांगले. ताण किती द्यायचा तेही जमिनीवर आहे. हलक्या जमिनीत थोडा, भारी जमिनीत जास्त. आणि पहिली दोन-तीन वर्षे ताण अजिबात नको; त्या वयात झाडाला उन्हाळ्यातही थोडे पाणी लागतेच. तेवढी तयारी असेल तरच लागवड करा.

वीस फुटांवर एक झाड धरले तर दहा गुंठ्यांत २७ झाडे बसतात. सुरुवातीला तेवढी पुरेत. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे उन्हाळ्यातच काढून तापू द्या आणि पावसाच्या तोंडी शेणखत-मातीने भरून घ्या. बियांची रोपे आणू नका, झाड आईसारखे निघेल याचा भरवसा नसतो. विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतली कलमे घ्या.

फळमाशी हा मोठा शत्रू. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आतून गर खाते आणि कोष करायला जमिनीत उतरते. म्हणून पडलेले फळ झाडाखाली ठेवू नका. रोज गोळा करून खोल पुरा. मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगले तर नर अडकतात. पण शेजारच्या बागेत सडकी फळे तशीच राहिली तर एकट्याच्या सापळ्याने भागत नाही, शिवाराने मिळून करायचे हे काम आहे.

शेवटी विक्रीचे. पिकलेला पेरू तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. तेव्हा तालुक्याचा बाजार किती माल उचलतो ते आधी पाहा, मग झाडे वाढवा. फळ हंगामात टप्प्याटप्प्याने निघते. उसाचे बिल हाती येईपर्यंत घरखर्चाला चार पैसे सुटतात. तोडीला घरची माणसे पुरतात.

दहा गुंठ्यांचा असा तुकडा आपल्या मळ्यात आहे का, हे येत्या उन्हाळ्यात, विहिरीचे पाणी खाली गेलेले असताना, बांधावर उभे राहून जरूर पाहावे.