चालून आजार बरा होतो का?



गेल्या मे महिन्यात आपल्यातील सतरा जण चौकहून कर्जत, कर्जतहून खोपोली आणि दुसऱ्या दिवशी खोपोलीहून खालापूरमार्गे परत चौक असे पायी चालले. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. निमित्त होते सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे. आपणांपैकी अनेकांनी किलोमीटरमागे दहा-वीस रुपये लिहून दिले, त्याबद्दल आभार. पण एका रविवारी उपासनेनंतर चहा घेताना एका ज्येष्ठ सभासदांनी मला सरळ विचारले, "ताई, आजार फुप्फुसांचा. तुम्ही चालून तो बरा होतो का? पैसे हवेत तर तसेच मागा की." प्रश्न रास्त होता. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. आता नीट देते.

सुरुवात आधी माझ्या चुकीपासून करावी लागेल. आपल्या मंडळीतील एका भगिनीचा पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना मे महिन्यातच गेला. दोन दिवस मलूल होता, दूध पीत नव्हता, उलट्या झाल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत अंगातले पाणी गेले. ऊन लागले, असे सगळ्यांनी म्हटले. मीही म्हटले. त्याच्या आधी महिनाभर ती मला सांगत होती, "ताई, याचा मुका घेतला ना, की मीठ चाटल्यासारखं लागतं." मी हसून म्हणाले, "घामाचे दिवस आहेत गं, सगळीच पोरं खारट लागतात." त्या आईने आजार बरोबर ओळखला होता, फक्त तिला त्याचे नाव माहीत नव्हते. मला तर तेही कळले नाही.

पुढे तिला मुलगी झाली. तिला सतत खोकला, वजन वाढेना, खाणे भरपूर तरी पोट फुगलेले आणि शौच तेलकट, अतिशय दुर्गंधीचे. थुंकीत जंतू सापडत नसतानाही एका दवाखान्यात तिला दोनदा क्षयाची औषधे दिली गेली. त्या गोळ्या वेळेवर पोटात जातात की नाही हे पाहायला मीच घरी जात असे. अखेर मुंबईत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी घामाची तपासणी करायला सांगितली आणि निदान झाले. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती.

हा आजार समजायला आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण सोपे पडते. पेण-अलिबागकडे खारबंदिस्ती पाहिली असेल. बांधाला उघाडी असते, तिच्या दारातून पाण्याची ये-जा ठरते. आपल्या शरीरातील पेशींच्या पडद्यावरही मिठाची अशी बारीक दारे असतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ही दारे घडतच नाहीत किंवा उघडत नाहीत. फुप्फुसांत मीठ बाहेर येत नाही म्हणून पाणीही येत नाही, कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि त्यात जंतू मुक्काम करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, मग पाचक रस अन्नापर्यंत पोहोचत नाही आणि खाल्लेले तूप-तेल तसेच बाहेर पडते. घामाच्या ग्रंथींत मात्र या दाराचे काम उलटे असते. घामातले मीठ परत आत ओढून घ्यायचे. दार बंद, म्हणून मीठ कातडीवर राहते. बाळ खारट लागते ते यामुळे.

युरोपातल्या जुन्या लोकसमजुतीत कपाळाचा मुका खारट लागणारे मूल जगत नाही असे म्हणत. डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचे वेगळे वर्णन केले, तरी घामाचे कोडे सुटायला आणखी वेळ लागला. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. ग्लानी येऊन रुग्णालयात आणलेल्या मुलांमध्ये याच आजाराची मुले बरीच दिसली. त्यावरून डॉ. पॉल दी सांत-आन्येझे यांनी घाम तपासला आणि १९५३ मध्ये त्यातील जास्तीचे मीठ दाखवून दिले. आजही मुख्य तपासणी घामाचीच असते. हातावर औषध लावून सौम्य विजेने घाम आणतात आणि त्यातील क्लोराइड मोजतात. ते ६० किंवा त्याहून अधिक आले तर आजार असल्याचे मानतात. ही माहिती मला वेळेवर असती तर, असे मनात येते. ते मनातच ठेवते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या घराविषयी नको ते बोलले गेले. हा संसर्गाचा आजार नाही, कोणाच्या पापाचे फळ नाही आणि एकट्या आईकडून येत नाही. आपल्या शिबिरांत सिकलसेलविषयी ऐकले असेल, तसाच हाही वारशाने येतो. आई आणि वडील दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि दोघेही धडधाकट असतात. मुलाला दोन्हीकडून सदोष प्रत मिळाली तरच आजार होतो. प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक असते. आते-मामे भावंडांत लग्ने होतात तिथे ती जुळणी सहज होऊ शकते. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला काय विचारले आणि त्याने काय उत्तर दिले, हे आपण सारे वाचतो. वाचून झाल्यावरही तोच प्रश्न या आईला आपल्यातल्याच दोघा-तिघांनी विचारला.

आता चालण्याकडे येते. पदयात्रा आपल्याला नवी नाही. भूदानासाठी देशभर चाललेले विनोबा शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. वारी तर आपल्या भाषेच्या रक्तातच आहे. अंतर ठरवून, त्यावर देणगी लिहून घेऊन चालण्याची रीत मात्र पाश्चात्त्य देशांत रुजली आणि त्यात मंडळ्यांचा मोठा वाटा होता. भुकेलेल्यांसाठी 'चर्च वर्ल्ड सर्व्हिस'चे 'क्रॉप वॉक' १९६९ मध्ये सुरू झाले.

सिस्टिक फायब्रोसिससाठी अमेरिकेतील रुग्णांच्या पालकांनी १९५५ मध्ये फाउंडेशन स्थापन केले. त्या काळी ही मुले शाळेत जाण्याइतकीही क्वचितच जगत. मेरी वाइस नावाच्या एका आईची तीन मुले या आजाराची होती. १९६५ मध्ये ती घरून फोन करून मदत मागत असे. चार वर्षांचा रिचर्ड ते ऐकत होता. 'सिस्टिक फायब्रोसिस' हे शब्द त्याच्या कानाला 'सिक्स्टी-फाइव्ह रोझेस' म्हणजे पासष्ट गुलाब असे वाटले आणि आई गुलाबांसाठी काम करते असे तो म्हणाला. तेव्हापासून गुलाब हे या कामाचे चिन्ह झाले. पुढे 'ग्रेट स्ट्राइड्स' नावाच्या वार्षिक पदयात्रा गावोगाव निघू लागल्या. ज्यांना जास्त चालायचे त्यांच्यासाठी डोंगरवाटांनी एका दिवसात तीस मैलांपर्यंत नेणाऱ्या यात्राही निघतात. आपल्या मुलीची मावशी अमेरिकेत असते आणि दरवर्षी या पदयात्रेत चालते. कल्पना तिचीच.

त्या चालण्यातून, छोट्या छोट्या देणग्यांतून जमलेला पैसा फाउंडेशनने औषध शोधणाऱ्या कंपनीत घातला. मिठाचे ते बंद दार उघडणारे पहिले औषध २०१२ मध्ये मान्य झाले आणि तीन औषधे एकत्र असलेले 'ट्रायकाफ्टा' ऑक्टोबर २०१९ मध्ये. तिकडच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांना ते चालते आणि आज जन्मणारे मूल साठी गाठेल अशी अपेक्षा धरली जाते. म्हणजे आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला तिकडचे उत्तर जवळजवळ 'हो' असे आहे.

इकडचे उत्तर तसे नाही. त्या औषधाची अमेरिकेतील किंमत सुरुवातीलाच वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती आणि ते जन्मभर घ्यायचे असते. आपल्या पदयात्रेत ५२,६५० रुपये जमले. त्या भावाने हे एका दिवसाचे औषधही नाही. आपल्या औषधाच्या दुकानांत ते मिळतही नाही. २०२३ मध्ये भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेनमधील रुग्णकुटुंबांनी पेटंटच्या अडसराविरुद्ध दाद मागितली. शिवाय ज्या जनुकदोषावर हे औषध मुख्यतः चालते, तो भारतीय रुग्णांत युरोपीय लोकांपेक्षा कमी आढळतो, म्हणून आधी जनुक तपासणी हवी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचे नाव आहे. ठरलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. मुलीचा अर्ज केलेला आहे.

मग ५२,६५० रुपयांचे काय केले? वाफाऱ्याचे यंत्र घेतले, कफ पातळ करणारे खारे द्रावण घेतले आणि जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक कॅप्सूल घेतल्या. या कॅप्सूल प्रत्येक जेवणाला लागतात, चुकवून चालत नाही. छातीवर थापटून कफ काढायची पद्धत आईला शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाच फेऱ्या झाल्या. दोन वाड्यांवरच्या दोन खोकणाऱ्या, न वाढणाऱ्या बाळांची घामाची तपासणी करून आणली. दोघांनाही हा आजार निघाला नाही, देवाची स्तुती असो. उरलेले ११,२०० रुपये खात्यात आहेत. हिशेब कार्यालयात पाहायला ठेवला आहे.

मावशीने तिकडे जमवलेले डॉलर आपल्याला का पाठवले नाहीत, असेही काहींनी विचारले. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. तिथून तो दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. मावशी बहिणीला नातेवाईक म्हणून पैसे पाठवू शकते आणि पाठवते. आपली पदयात्रा इथल्याच पैशाची होती.

पहाटे साडेचारला चौकहून निघालो. उजाडताना डाव्या हाताला इर्शाळगड दिसला आणि बोलणे आपोआप थांबले. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीपर्यंत मदतही पायीच चढून गेली होती. पुढे करवंदे घेऊन बसलेल्या एका ठाकर मावशींनी विचारले, "गाडी चुकली काय गं?" आम्ही पैशासाठी चालतोय म्हटल्यावर त्या खो खो हसल्या. "मी पंधरा वर्षं चालतेय या रस्त्यानं, मला कुणी रुपया दिला नाही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी कैरीची फोड मीठ लावून दिली आणि करवंदांचे पैसे मात्र चोख घेतले.

नऊ वाजता चारफाट्याला पोहोचलो तेव्हा सदऱ्यांवर मिठाचे पांढरे डाग उमटले होते. मे महिना ठरवला ही आमची चूक. तिकडे मे म्हणजे वसंत, इकडे चार तासांत दोघांना घेरी आली. दुपार कर्जतला काढली आणि पाचनंतर पुढे निघालो.

कर्जतला मुलगी आईबरोबर आली होती. रुग्णालयात ओळख झालेले एक कुटुंब कल्याणहून लोकलने आले. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाला हाच आजार आहे. चालण्याने कफ सुटतो, म्हणून पहिला एक किलोमीटर दोघांनी चालावे असे ठरले. पण या रुग्णांच्या फुप्फुसांत राहणारे जंतू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत, ते एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेले तर घातक ठरतात. म्हणून दोन रुग्णांनी उघड्यावरही किमान सहा फूट लांब राहायचे असते. ज्यांच्यासाठी चालायचे, त्यांना एकमेकांच्या शेजारी चालता येत नाही. मुलगी रांगेत सर्वांत पुढे, मुलगा सर्वांत मागे आणि मध्ये आम्ही सगळे. तिने वळून ओरडून विचारले, "तू दिवसाला किती गोळ्या खातोस?" तो म्हणाला, "बावीस!" ती म्हणाली, "माझ्या सव्वीस!" आणि जिंकल्यासारखी पुढे चालू लागली. तिच्या आईला मी बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिले.

पुढची पदयात्रा जानेवारीत, याच मार्गाने. यायचे असेल त्यांनी महिनाभर आधीपासून रोज तासभर चालावे. नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. मागच्या वेळी सहा जणांच्या टाचा सोलल्या होत्या. महामार्गावर चमकणारे पट्टे बांधणे सक्तीचे राहील. खोपोली-चौक टप्प्यात ट्रक अंगावर येतात. देणगी रोख देऊ नये, संस्थेच्या खात्यात भरून पावती घ्यावी. आणि वाडीवर-पाड्यावर जाणाऱ्या आपल्या सेविकांना विनंती की, एखादी आई बाळ खारट लागते म्हणाली, बाळाला खोकला असेल आणि वजन वाढत नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि घामाच्या तपासणीविषयी विचारावे.

नावे पाळकसाहेबांकडे द्यावीत. पहिले नाव मुलीचे आहे. ती म्हणते, या वेळी दोन किलोमीटर.