विश्लेषण : अर्धवट अँटिबायोटिकने जिवाणूंचे आवरण कसे बदलते?

डहाणूतील कैनाड असो वा तलासरीतील एखादा पाडा, भातलावणी आणि तापाचे दिवस एकाच वेळी येतात. ताप उतरला की रोज बुडू नये म्हणून माणूस कामावर जातो. उरलेल्या गोळ्या फळीवर. पुढे कुणी खोकले, की त्यातल्याच दोन! असे कुठल्याही घरात घडते. एवढ्याशा औषधाने जिवाणू मरत नाहीत. मग होते काय?

जिवाणूमध्ये काय बदलते?
वाढ थांबवण्यास लागणाऱ्या किमान मात्रेपेक्षा औषध कमी असले, तरी जिवाणूला त्याची झळ बसते. ती त्याच्या बाह्य आवरणावर दिसते. पेनिसिलिन गटातील काही औषधांमुळे ई-कोलायला दुभंगता येत नाही, तो दोऱ्यासारखा लांबतो. काही औषधांनी त्याची पेशींना चिकटण्याची क्षमता घटते. काहींनी उलट चिकटपणा वाढतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टोब्रामायसिनच्या कमी मात्रेने स्युडोमोनास आणि ई-कोलाय जास्त थर धरताना आढळले.

हा थर धोकादायक का?
पाण्याचा हंडा बरेच दिवस घासला नाही की आत बुळबुळीत थर लागतो. हीच बायोफिल्म. जखमेत किंवा लघवीच्या नळीत ती जमली की आतले जिवाणू मंदावतात. अनेक अँटिबायोटिक वाढत्या जिवाणूंवरच नीट काम करतात, त्यामुळे हे वाचतात.

बदल कायमचा असतो?
वरचे बदल बहुधा तात्पुरते असतात. पण कमी मात्रेत दुबळे जिवाणू मागे पडतात आणि प्रतिरोधक वाढतात. कोलिस्टिन हे औषध धनभारित, तर जिवाणूचे आवरण ऋणभारित. म्हणून ते चिकटते. प्रतिरोधक जिवाणू आवरणातील ऋणभारच कमी करतो. हा गुण पुढच्या पिढ्यांत जातो. कोंबड्यांचे वजन वाढवण्यासाठी खाद्यातून हे औषध थोडे थोडे दिले जाई. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

आपण काय करावे?
अपुऱ्या मात्रेचा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगितला होता. सर्दी आणि विषाणूजन्य तापावर अँटिबायोटिक चालत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये. गोळी किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे. मध्येच बरे वाटले तर त्यांनाच विचारावे. आणि फळीवरची उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये.