एक ग्रॅमचा बॉम्ब

नाव ‘बॉम्ब’, पण काम मोजमापाचे! कोळसा, डिझेल किंवा बिस्किट जाळल्यावर किती उष्णता मिळते, हे बॉम्ब कॅलरीमीटर सांगतो. जाड पोलादी भांड्यात नमुना ठेवायचा, ऑक्सिजन भरायचा, भांडे पाण्यात बुडवायचे आणि बारीक तारेतून वीज सोडून नमुना पेटवायचा. पाणी किती तापले, त्यावरून हिशेब होतो.

सुरक्षितता वजनापासून सुरू होते. नमुना साधारण १ ग्रॅमच घ्यावा. ३४० मिलिलिटरच्या भांड्यात हवेच्या दाबाच्या ३० पट दाबाला सुमारे १३ ग्रॅम ऑक्सिजन मावतो. १ ग्रॅम बेन्झोइक आम्ल जाळायला २ ग्रॅम पुरतो. त्यामुळे ज्वलन पूर्ण होते. पण नमुना तिप्पट घेतला, तर तोही सगळा जळेल आणि दाब भांड्याला सोसवणार नाही इतका वाढू शकेल.

ऑक्सिजन सावकाश भरा, नाहीतर भुकटी उडते. त्याच्या जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नका. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकते. पाण्यात बुडबुडे दिसले, तर बटण दाबू नका. पेटवताना आणि नंतर निदान १५ सेकंद यंत्रावर वाकू नका. उघडण्यापूर्वी झडपेतून वायू हळूहळू सोडा.

पहिला नमुना मात्र बेन्झोइक आम्लाचाच. त्याची उष्णता ठरलेली आहे: ग्रॅममागे सुमारे २६.४ किलोज्यूल. २ किलो पाण्याच्या यंत्रात तापमान साधारण २.६ अंश सेल्सिअस वाढते. म्हणजे एका अंशाला यंत्र सुमारे १० किलोज्यूल घेते. हा आकडा हाती आला, की मग बिस्किट!