उत्स्फूर्त गोधडीकलेचे शिक्षण : कार्यशाळा, मर्यादा आणि श्रेय

प्रस्तावना

कापडाचे तुकडे जोडून पांघरूण तयार करण्याची कला जगातील अनेक समाजांत आढळते. महाराष्ट्रात अशा पांघरुणास गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तर अमेरिकेत त्याला क्विल्ट म्हणतात. या कलेत रचनेच्या दोन पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत नमुना आधी ठरतो, त्यानुसार तुकडे मोजून कापले जातात आणि मग जोडले जातात. दुसऱ्या पद्धतीत नमुना आधी ठरलेला नसतो. एक तुकडा जोडल्यावर त्याच्याकडे पाहून पुढचा तुकडा निवडला जातो व रचना हातांखाली आकार घेत जाते. या दुसऱ्या पद्धतीस प्रस्तुत लेखात 'उत्स्फूर्त गोधडीकला' असे म्हटले आहे.

ही कला पूर्वी मुख्यतः घरात, आई-आजीच्या शेजारी बसून शिकली जात असे. गेल्या काही दशकांत ती कार्यशाळांतून शिकवली जाऊ लागली आहे. त्यातून एक शैक्षणिक प्रश्न निर्माण होतो. जे आधी ठरलेलेच नाही, ते शिकवायचे कसे? आणि एखाद्या समाजाचे घरगुती ज्ञान जेव्हा कार्यशाळेचा अभ्यासविषय बनते, तेव्हा त्या समाजाच्या वाट्याला काय येते? प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड आणि कर्नाटकातील सिद्दी समाज या दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

उत्स्फूर्ततेचे स्वरूप

उत्स्फूर्त म्हणजे मनाला येईल तसे, असा एक समज आढळतो. तो अपुरा आहे. हिंदुस्थानी संगीतातील गायक मैफलीत जे गातो त्यातील पुष्कळसे त्या क्षणी सुचलेले असते. परंतु रागाचे स्वर, त्याचे चलन आणि तालाचे आवर्तन यांची चौकट त्याने सोडलेली नसते. चौकट पक्की असल्यामुळेच त्याला आत मोकळेपणाने फिरता येते. गोधडीचेही असेच आहे. उपलब्ध कापड, पांघरुणाचा आकार, जोडणीची एखादी पद्धत आणि वेळ या तिच्या मर्यादा होत. या मर्यादांच्या आत घेतलेल्या निर्णयांच्या साखळीतून उत्स्फूर्त रचना घडते. म्हणूनच या कलेच्या शिक्षणात, आकृती शिकवण्यापेक्षा निर्णय घेण्याची सवय लावणे हे मुख्य काम ठरते.

जीज बेंड : घर हीच शाळा

जीज बेंड हे अलाबामा नदीच्या वळणावर, विल्कॉक्स काउंटीत वसलेले छोटे गाव आहे. त्याचे अधिकृत नाव बॉयकिन असे आहे. तेथील बहुतेक कुटुंबे आफ्रिकन वंशाच्या गुलाम मजुरांची वंशज असून, १८४५ मध्ये तेथील कापूसमळा विकत घेणाऱ्या मार्क पेटवे या मालकाचे आडनाव आजही अनेक कुटुंबांत चालू आहे. तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेल्या या गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क मर्यादित होता. १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांनी मतदार नोंदणीसाठी प्रयत्न सुरू केले, त्या काळात नदीपलीकडील कॅमडेनला जाणारी नावसेवाही बंद करण्यात आली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

अशा परिस्थितीत येथील स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांपासून क्विल्ट शिवले. घरातील थंडीचे निवारण हा त्यांचा पहिला हेतू होता. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांपासून तयार केलेला क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संग्रहात आहे. विरलेली निळी डेनिम आणि कपड्यांवरील डाग त्यात तसेच दिसतात. कापड निवडण्याचे स्वातंत्र्य तेथे नव्हते. ते कसे मांडावे एवढाच निर्णय हाती होता.

या गावातील शिक्षणाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. मुली लहानपणापासून सुई ओवणे, मोठ्यांच्या शेजारी बसून पाहणे अशा कामांतून शिकत. 'हाउसटॉप', म्हणजे 'घराचे छप्पर', या नावाची रचना तेथे विशेष रूढ आहे. मध्यभागी एक चौकोन घेऊन त्याच्या चारही बाजूंना पट्ट्या जोडत जाणे एवढाच तिचा नियम आहे. पट्टी किती रुंद, कोणत्या रंगाची, किती तिरकी हे प्रत्येकीने ठरवायचे असते. स्वतःच्या पद्धतीने केलेल्या अशा रचनेला तेथील स्त्रिया 'माय वे', म्हणजे 'माझी रीत', असे म्हणतात. वरचा थर प्रत्येक स्त्री सहसा एकटीने जोडी; पुढे वरचा थर, कापसाचा थर व अस्तर एकत्र शिवण्याच्या वेळी इतर स्त्रिया मदतीला येत. निर्णय एकटीचा आणि श्रम सर्वांचे, अशी ही विभागणी होती.

या परिसरातील स्त्रियांनी १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था स्थापन केली. १९७२ मध्ये या संस्थेला सीअर्स या व्यापारी कंपनीकडून कॉर्डरॉय कापडाच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. हे काम एकाच मापाचे व एकसारखे असणे आवश्यक होते. परंतु त्यातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे घरोघरी गेले आणि त्यांतून अत्यंत मुक्त रचनेचे क्विल्ट तयार झाले. बाजारासाठी मापात शिवणाऱ्या स्त्रियाच घरी माप बाजूला ठेवत होत्या. यावरून असे दिसून येते की, ज्यांना अचूक शिवण जमत नाही त्यांची ही पळवाट नव्हती. ती जाणीवपूर्वक केलेली निवड होती.

कार्यशाळांचा उदय

२००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात जीज बेंडच्या क्विल्टचे प्रदर्शन सुरू झाले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने या क्विल्टवर आधारित १० तिकिटांचा संच काढला. या घटनांमुळे उत्स्फूर्त रचनेविषयी कुतूहल वाढले. तत्पूर्वीही काही शिक्षिका या दिशेने काम करीत होत्या. ग्वेन मार्स्टन यांचे 'लिबरेटेड क्विल्टमेकिंग' हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. नॅन्सी क्रो यांनी ओहायो राज्यात दीर्घकाळ कार्यशाळा घेतल्या. पुढे शेरी लिन वुड यांच्या २०१५ मधील पुस्तकात तयार नमुन्यांऐवजी दहा 'स्कोअर' देण्यात आले. संगीतातील या संज्ञेचा येथील अर्थ असा की, शिकणाऱ्याला रचनेची चौकट दिली जाते, तयार आकृती दिली जात नाही.

कार्यशाळेतील कार्यपद्धती

अशा कार्यशाळांत वापरल्या जाणाऱ्या तंत्रांचे चार भाग करता येतात.

पहिला भाग मर्यादा घालण्याचा. नवशिक्या व्यक्तीसमोर सर्व रंग व सर्व आकार ठेवले, तर तिचा हात थांबतो, कारण एकाच वेळी फार निर्णय घ्यावे लागतात. म्हणून शिक्षिका पर्याय कमी करते. केवळ दोन रंग घ्यावेत, केवळ पट्ट्या वापराव्यात, अथवा ठरावीक वेळात रचना पूर्ण करावी, असे नियम दिले जातात. रंगापेक्षा गडद व फिकट यांतील फरक रचनेला अधिक उठाव देतो, हे पटवण्यासाठी कापडांचे कृष्णधवल छायाचित्र काढून पाहण्याची युक्तीही वापरली जाते.

दुसरा भाग मोजपट्टीविना कापण्याचा. सरळ पट्टी नजरेच्या अंदाजाने कापली की तिची कड किंचित हलती येते व रचनेत जिवंतपणा उतरतो. वक्र जोडणीसाठी दोन कापडे सुलट बाजू वर ठेवून, कडेला एकमेकांवर थोडी चढवून मांडतात आणि त्या भागातून दोन्ही कापडे एकाच वेळी मुक्तहस्ताने वक्र कापतात. मधल्या चिंध्या काढल्यावर उरलेल्या दोन कडा एकमेकींना जुळतात. त्या सुमारे पाव इंच आत शिवून इस्त्री केली की वक्र सपाट बसतो. येथे माप जरी नसले तरी शिस्त आहे. शिवण सारखी पडली नाही, तर कापड फुगते.

तिसरा भाग थांबून पाहण्याचा. भिंतीवर फलालीन किंवा तत्सम खरबरीत कापड लावले की त्यावर कापडाचे तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात. शिकणारी व्यक्ती तुकडे लावते, काही पावले मागे जाते, पाहते व बदल करते. जवळून योग्य वाटलेला तुकडा दुरून खटकू शकतो. निर्णय आणि परीक्षण यांचे हे आवर्तन कार्यशाळेचा गाभा होय.

चौथा भाग दुरुस्तीचा. दोन भाग लांबीला जुळले नाहीत, तर आखूड भागाला पट्टी जोडावी. कड तिरकी गेली, तर निमुळती कळी घालावी. कापड जास्त झाले, तर चूण घेऊन ते सामावून घ्यावे. नमुन्यावर आधारलेल्या शिवणात जी चूक उसवावी लागते, तीच येथे पुढील रचनेचे कारण बनते. या टप्प्यावर शिक्षिकेची कसोटी लागते. तिने स्वतः तुकडा उचलून 'हा येथे लावा' असे सांगितले की शिकणाऱ्याचा निर्णय हिरावला जातो. 'येथे नजर का अडते?' असा प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

सिद्दी समाजाची कवंदी

जीज बेंडपासून हजारो मैल दूर, पण आफ्रिकन वंशाच्याच आणखी एका समाजात अशी परंपरा आढळते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड इत्यादी तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणण्यात आले होते व तेथून ते जंगलभागात निघून गेले. या समाजात कोंकणीचे एक रूप बोलले जाते. त्यांच्या गोधडीस 'कवंदी' म्हणतात.

कवंदीचे तंत्र अमेरिकी पद्धतीपेक्षा वेगळे आहे. तेथे तुकडे आधी जोडून नंतर अस्तरावर शिवले जात नाहीत. जुन्या साडीसारखे मोठे कापड खाली घेऊन कोपऱ्यापासून आरंभ होतो. कडेने ठिगळे मांडत, त्यांच्या कडा आत दुमडत, सर्व थरांतून धावदोरा घातला जातो आणि काम फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे सरकते. जोडणे आणि शिवणे या क्रिया एकाच वेळी होतात. शेवटी कोपऱ्यांना 'फुला' नावाचे घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांच्याविना कवंदी पूर्ण मानली जात नाही. महाराष्ट्रातील अनेक गोधड्यांतही धावदोरा कडेकडून आत फिरत जातो, त्यामुळे मराठी वाचकास ही रीत परकी वाटणार नाही. एकदा शिवलेले ठिगळ मागे जाऊन बदलणे येथे कठीण असते. म्हणजे भिंतीवरील रचनेत जी मुभा आहे ती कवंदीत नाही, आणि पुढे पाहण्याची सवय मात्र अधिक लागते. २००४ मध्ये अमेरिकन कलाइतिहासकार हेन्री ड्रुअल यांच्या पुढाकाराने सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था सुरू झाली. आज कवंदीचे तंत्र परदेशातील कार्यशाळांतही शिकवले जाते.

श्रेय आणि मोबदला

कार्यशाळेमुळे ज्ञानाचा प्रसार होतो, हे निःसंशय. तथापि प्रसाराबरोबर श्रेयाचा प्रश्न येतो. जीज बेंडच्या क्विल्टना प्रसिद्धी मिळाल्यावर, त्यांच्या प्रतिमांचा व्यापारी वापर व मोबदला यांसंबंधी काही कारागीर स्त्रियांनी २००७ मध्ये न्यायालयात दावे दाखल केले. ते २००८ मध्ये तडजोडीने मिटले. 'फ्रीडम क्विल्टिंग बी' संस्था २०१२ मध्ये बंद झाली. म्हणजे कलेची कीर्ती वाढत असताना तिच्या परिसरातील सहकारी संस्था टिकू शकली नाही.

याला दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, ल्युसी मिंगो व लोरेटा पेटवे यांना अमेरिकेची राष्ट्रीय वारसा अधिछात्रवृत्ती देण्यात आली. २०२२ पासून गावातच 'एअरिंग ऑफ द क्विल्ट्स' हा उत्सव भरू लागला. वसंतात पांघरुणे दोरीवर वाळत घालून हवा देण्याच्या जुन्या रिवाजावरून त्याचे नाव पडले आहे. तेथे गावातील स्त्रियाच शिक्षिका असतात आणि शिकणारे त्यांच्या अंगणात येतात. ज्ञान ज्यांचे, शिकवण्याचा अधिकारही त्यांचा, ही व्यवस्था अधिक न्याय्य वाटते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंत व कारागीर यांना अध्यापनात सहभागी करून घेण्याची शिफारस आहे. गृहविज्ञान, ललितकला वा समाजशास्त्र विभागांना या दृष्टीने गोधडीची कार्यशाळा घेणे सहज शक्य आहे, कारण तिला लागणारे साहित्य म्हणजे जुने कापड, सुई व दोरा. मात्र तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीला 'प्रात्यक्षिक दाखवणारी' असे दुय्यम स्थान न देता अध्यापक म्हणून बोलवावे आणि इतर व्याख्यात्यांइतकेच मानधन द्यावे. अहवालात व प्रदर्शनात तिचे नाव, गाव आणि तंत्र यांची नोंद तिच्या संमतीने करावी. मूल्यमापन करताना तयार वस्तूच्या सुबकतेबरोबर विद्यार्थ्याने कोणते निर्णय घेतले व का बदलले, हेही विचारात घ्यावे.

समारोप

उत्स्फूर्त रचना शिकवता येते. परंतु ती आकृतीतून शिकवता येत नाही, मर्यादेतून शिकवता येते. जीज बेंडच्या स्त्रियांवर ती मर्यादा गरिबीने घातली होती. कार्यशाळेत शिक्षिका ती विचारपूर्वक घालते. या दोहोंतील अंतर विसरता कामा नये. कार्यशाळेत येणारी व्यक्ती दोन रंगांची मर्यादा चार दिवसांसाठी स्वीकारते, तर मूळ कारागीर स्त्रीने ती आयुष्यभर वागवलेली असते. म्हणून तंत्र शिकताना ते कोणाकडून आले हे सांगणे सौजन्यापुरते ठेवता येत नाही. ते त्या शिक्षणाचाच भाग होय. ज्या गावात गोधड्या शिवल्या जातात त्या गावातील महाविद्यालयाने, असे नाव लिहून घेण्यास उशीर करू नये.